ॲप दुकानाचे दार उघडले, पण आत येण्याचा दर कोणी ठरवायचा? (युरोपचा डीएमए कायदा)

इसारकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली ९ वर्षे म्युनिकमध्ये राहतो. दिवसा नोकरी करतो आणि रात्री फोनसाठी एक लहानसे ॲप चालवतो, जे जर्मन नामांची लिंगे पाठ करून घेते. मराठीतही तीन लिंगे असल्यामुळे आपल्याला हे प्रकरण सोपे जाईल अशी माझी भाबडी समजूत होती. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर ती समजूत गेली आणि ॲप जन्माला आले.

धागा काढण्याचे कारण असे की, मध्यंतरी इथल्याच एका चर्चेत 'युरोपने ॲपलची मक्तेदारी मोडली' असे कोणीतरी एका वाक्यात लिहून टाकले आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी स्वतः त्या बाजारात टोपली घेऊन बसणारा असल्यामुळे ते वाक्य मला पटले नाही. काय मोडले आणि काय शाबूत आहे, ते जरा सविस्तर मांडतो.

युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट, म्हणजे डीएमए, २०२२ मध्ये संमत झाला. ग्राहक आणि व्यावसायिक यांच्यामधले दार ज्या कंपन्यांच्या हाती आहे, त्यांना हा कायदा 'द्वारपाल' ठरवतो. निकष आकड्यांचे आहेत. संघातील वार्षिक उलाढाल ७५० कोटी युरो किंवा कंपनीचे बाजारमूल्य ७,५०० कोटी युरो असावे लागते, आणि शिवाय त्या सेवेचे संघात महिन्याला किमान साडेचार कोटी वापरकर्ते व वर्षाला किमान १० हजार व्यावसायिक वापरकर्ते असावे लागतात. साडेचार कोटी म्हणजे संघाच्या लोकसंख्येचा साधारण दहावा हिस्सा. ६ सप्टेंबर २०२३ रोजी अल्फाबेट (गूगलची मूळ कंपनी), ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स (टिकटॉकवाली), मेटा (फेसबुकवाली) आणि मायक्रोसॉफ्ट यांची नावे जाहीर झाली आणि ७ मार्च २०२४ पासून त्यांना नियम लागू झाले.

त्या आठवड्यात आयफोनच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती, आयओएस १७.४, आली आणि आयफोनवर पहिल्यांदाच ॲपलखेरीज दुसऱ्या कोणाचे दुकान बसवता येऊ लागले, अर्थात फक्त संघाच्या २७ देशांत. दार उघडले हे खरेच. पण त्याबरोबर जे दरपत्रक आले ते कमी लोकांनी वाचले. नव्या अटी स्वीकारणाऱ्याला 'कोअर टेक्नॉलॉजी फी' लागू झाली. वर्षाला पहिली १० लाख इन्स्टॉल माफ, आणि त्यापुढे एखाद्याने वर्षात पहिल्यांदा ॲप घेतले की प्रत्येक वेळी ५० सेंट. समजा एखादे फुकट ॲप वर्षात २० लाख लोकांनी घेतले, तर वरच्या १० लाखांचे ५ लाख युरो झाले, मग त्या ॲपने एक पैसा मिळवलेला असो वा नसो. (बिगरनफा संस्थांना यातून सूट होती आणि काहीच न कमावणाऱ्या हौशी मंडळींनाही ती पुढे मिळाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.) ज्याला स्वतःचे दुकान काढायचे, त्याच्या दुकानरूपी ॲपला तर १० लाखांची माफीही नव्हती, पहिल्या इन्स्टॉलपासूनच ५० सेंट. एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'ऑल्टस्टोअर पॅल' या दुकानाने सुरुवातीला ग्राहकाकडून वर्षाला दीड युरो आणि त्यावरचा कर घेतला, त्यामागे हाच हिशेब होता.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, कायद्याने दार उघडायला लावले पण उंबरठ्यावर किती पैसे घ्यायचे हे दाराच्या मालकावरच सोडले, तर मक्तेदारी मोडली असे म्हणायचे का?


जुना_वाचक

लेख माहितीपूर्ण आहे, पण मला दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची आहे. ज्याने रस्ता बांधला त्याने टोल घेऊ नये, असा तुमचा सूर दिसतो. २००८ च्या जुलैमध्ये ॲप स्टोअर सुरू झाले त्याआधी फोनवर सॉफ्टवेअर विकणे म्हणजे काय दिव्य होते, ते मी पाहिले आहे. प्रत्येक मोबाइल कंपनीशी वेगळा करार करावा लागे आणि रकमेतला मोठा वाटा तीच कंपनी ठेवून घेई. त्या काळात ३० टक्के हा दर विक्रेत्यांना स्वस्त वाटला होता.

दुसरे म्हणजे सुरक्षिततेचे. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांच्या फोनवर कोणीही कोणतेही दुकान बसवू शकत नाही, ही माझ्या दृष्टीने सोय आहे. त्याला मी तुरुंग म्हणणार नाही. वीज मंडळाचे बिल थकले असे सांगून लोकांना भलतीच ॲप घ्यायला लावण्याचे प्रकार आपल्याकडे किती चालतात, हे इथे वेगळे सांगायला नको. ब्रुसेल्समधल्या अधिकाऱ्यांनी माझ्या वडिलांच्या फोनचे कुलूप सैल करण्याआधी मला विचारले नव्हते.


पर्णिका

मी स्पर्धा कायद्याच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे मूळ मजकुराकडे लक्ष वेधते. सगळा वाद एका शब्दाभोवती फिरतो आहे आणि तो शब्द आहे 'विनामूल्य'.

कायद्याचे कलम ५(४) असे सांगते की, द्वारपालाने व्यावसायिकांना आपल्या ग्राहकांपर्यंत बाहेरच्या सवलती पोहोचवू द्याव्यात, आणि हे विनामूल्य करू द्यावे. म्हणजे 'आमच्या संकेतस्थळावर हीच वर्गणी स्वस्त मिळते' असे ॲपमध्ये सांगण्याची मोकळीक. कलम ६(७), जे फोनच्या अंतर्गत सुविधा इतर उपकरणांना खुल्या करण्याबद्दल आहे, त्यातही विनामूल्य हा शब्द आहे. पण कलम ६(४), ज्याच्या आधारे दुसरी दुकाने आली, त्यात तो शब्द नाही. कलम ६(१२) मध्ये ॲप दुकानात प्रवेशाच्या अटी न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित असाव्यात एवढेच म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती टक्के, ते लिहिलेले नाही.

आता यात हेतुपुरस्सर पळवाट ठेवली की मसुदा करणाऱ्यांना पुढचे दिसले नाही, यावर आमच्या क्षेत्रात दोन मते आहेत. माझे मत असे की, कायदेमंडळाला दर ठरवण्याच्या भानगडीत पडायचे नव्हते. वीज, रेल्वे किंवा दूरसंचार यांसाठी दर ठरवणारे नियामक असतात, त्यांच्याकडे लेखापालांची फौज असते. डीएमए वर्तनाचे नियम घालतो आणि दर बाजार ठरवील अशी अपेक्षा ठेवतो. त्या अपेक्षेत अडचण अशी की, दुसरी दुकाने उभी राहिल्यावरच तो बाजार तयार होणार, आणि ती उभी राहतील की नाही हे त्या दरावरच अवलंबून आहे.

जुना_वाचक यांच्या सुरक्षिततेच्या मुद्द्याला कलम ६(४) मध्येच उत्तर आहे. फोनच्या आणि कार्यप्रणालीच्या अखंडतेला धोका होऊ नये म्हणून काटेकोरपणे आवश्यक आणि प्रमाणशीर उपाय करण्याची मुभा द्वारपालाला दिलेली आहे. त्यानुसारच ॲपल बाहेरच्या दुकानातील ॲपचीही तपासणी करून त्यावर आपली मोहोर उठवते. त्या तपासणीत ॲप घातक आहे का ते पाहिले जाते, त्यातला मजकूर ॲपलला आवडतो का ते पाहिले जात नाही.


लासलगावकर

मला तंत्रज्ञानातले फार कळत नाही, पण हा वाद वाचताना मी बाजार समितीच्या ओट्यावर बसलो आहे असे वाटले. आडत, हमाली, तोलाई ही नावे बदला आणि कमिशन, इन्स्टॉल फी, पेमेंट शुल्क अशी लिहा, पावती तीच राहते. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला समितीबाहेर विकायला मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. माझ्या भावाने पहिल्या महिन्यात उत्साहाने बाहेर विक्री करून पाहिली, आणि चौथ्या महिन्यात तो परत ओट्यावर आला, कारण गिऱ्हाईक तिथेच येत होते.


इसारकाठ (धागाकर्ता)

लासलगावकर, उपमा चपखल आहे, पण एका ठिकाणी ती तुटते आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. बाजार समिती स्वतः कांदा पिकवून तुमच्या शेजारच्या ओट्यावर विकत नाही. ॲपलचे स्वतःचे संगीताचे ॲप आहे आणि ते स्पॉटिफायच्या शेजारी बसते. स्पॉटिफायला ॲपमधल्या विक्रीवर ३० टक्के द्यावे लागत, ॲपलच्या ॲपला अर्थातच नाही. स्पॉटिफायने दर वाढवला तर महाग, न वाढवला तर तोटा. म्हणून त्यांनी २०१६ मध्ये ॲपमधून वर्गणी विकणेच थांबवले, पण मग 'आमच्याकडे बाहेर स्वस्त मिळते' हे ॲपमध्ये लिहिण्यालाही बंदी होती. २०१९ मध्ये त्यांनी युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेकडे, तक्रार केली आणि निर्णय आला ४ मार्च २०२४ रोजी, म्हणजे ५ वर्षांनी. दंड होता १८० कोटी युरोंहून अधिक.

त्यातला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. नेहमीच्या सूत्राने मूळ दंड सुमारे ४ कोटी युरोच होत होता. एवढ्या मोठ्या कंपनीला तो रस्त्यावर गाडी चुकीच्या जागी लावल्याच्या पावतीसारखा वाटला असता, म्हणून आयोगाने धाक बसावा यासाठी वेगळी ठोक रक्कम वर चढवली.

हा दंड जुन्या स्पर्धा कायद्याखालचा होता. डीएमए आणण्याचे कारणच हे की, ५ वर्षांनी न्याय मिळेपर्यंत बाजार हातचा गेलेला असतो. म्हणून आधी नियम लिहून ठेवायचे आणि पुरावे गोळा करण्याचा भार कमी करायचा.


हॅरोवाली

पर्णिका म्हणतात की वाजवी दर किती ते कोणी सांगत नाही. ब्रिटन आता संघात नाही, पण इथे एका न्यायाधिकरणाने तो आकडा खरोखर काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात ॲपलविरुद्ध निकाल दिला आणि ॲप विकण्यासाठी १७.५ टक्के दर योग्य ठरला असता, त्यावरची वसुली जास्तीची होती, असे धरून हिशेब मांडला. नुकसानभरपाई १५० कोटी पौंडांपर्यंत जाऊ शकते. ॲपलला हा निकाल मान्य नाही, त्यामुळे पुढे काय होईल ते पाहावे लागेल. त्याच आठवड्यात इथल्या स्पर्धा नियामकाने ॲपल आणि गूगल या दोघांनाही मोबाइल क्षेत्रात विशेष दर्जा असलेल्या कंपन्या ठरवले. ब्रिटनची पद्धत मला जास्त समजूतदार वाटते. सगळ्यांना एकच यादी लावण्यापेक्षा प्रत्येक कंपनीसाठी वेगळी बंधने ठरवायची. वेळ मात्र जास्त लागतो.


उत्तररात्र

अँड्रॉइडबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी लिहितो. अँड्रॉइडवर बाहेरून ॲप घेणे पहिल्यापासून शक्य होते. एफ-ड्रॉइडसारखी मुक्त सॉफ्टवेअरची दुकाने वर्षानुवर्षे चालली आहेत. तरीही प्ले स्टोअरचा दबदबा कमी झाला नाही. म्हणजे केवळ दार उघडे असल्याने काही होत नाही, ही लासलगावकरांच्या भावाची गोष्ट इथेही खरी आहे.

आता गंमत पाहा. आयफोन थोडा थोडा उघडतो आहे त्याच काळात गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख पटवून न घेतलेल्या विकसकाचे ॲप बसवता येणार नाही, मग ते कुठल्याही दुकानातले असो. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे सुरुवात. कारण दिले फसवणूक रोखण्याचे. एफ-ड्रॉइडच्या मंडळींनी यामुळे आमचे कामच बंद पडेल असे सांगितले, कारण त्यांच्याकडची अनेक ॲप निनावी स्वयंसेवकांची असतात. बराच ओरडा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे कबूल केले. दोन्ही कंपन्यांची दारे एकमेकांकडे बघत अर्ध्यावर येऊन थांबणार, असे मला दिसते आहे.


डच_मावशी

मी तंत्रज्ञ नाही, आयंडहोवनमध्ये शाळेत शिकवते. मुलाच्या हट्टापायी आमच्याकडे एक बाहेरचे दुकान बसवले गेले, तेव्हाचे डोळ्यांसमोरचे सांगते, कारण वर सगळे टक्केवारीत बोलत आहेत.

खेळ होता फोर्टनाइट. ऑगस्ट २०२० मध्ये तो ॲप स्टोअरवरून गेला, आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी युरोपात आयफोनवर परत आला, पण तो खेळ बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून. मुलगा जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन बसला. संकेतस्थळावर जाऊन बटण दाबले, तर फोनने सांगितले की तुमच्या सेटिंगमध्ये या विकसकाला परवानगी नाही. तिथे ते सेटिंग उघडण्याचे बटणच नव्हते, फक्त 'ठीक आहे'. मग आपणच सेटिंगमध्ये जाऊन परवानगी शोधायची, ती दिल्यावर परत संकेतस्थळावर यायचे, पुन्हा तेच बटण दाबायचे. मग एक पूर्ण पानभर सूचना, की हे दुकान तुमच्या खरेदीची आणि माहितीची व्यवस्था स्वतः पाहील. वरण निवले तरी हे चालूच होते. मुलगा चौदा वर्षांचा होता म्हणून टिकला. मी पहिल्याच 'ठीक आहे'ला फोन खाली ठेवला असता.

एपिकच्या मोजणीनुसार त्या वेळी या प्रवासात १५ पायऱ्या होत्या आणि आयओएस १८.६ पासून त्या ६ झाल्या. ६ असल्याचे मी स्वतः मोजले नाही, पण परवा शेजारणीच्या फोनवर हेच करताना चहा गार झाला नाही, एवढे खरे.


जुना_वाचक

डच_मावशी, तुमचे वर्णन वाचून हसू आले, पण त्या सूचना वाचून एखादा म्हातारा माणूस थांबला तर ते मला चांगलेच वाटते.

आणखी एक बाजू. या कायद्यामुळे युरोपातल्या ग्राहकाला काही गोष्टी उशिरा मिळाल्या किंवा मिळाल्याच नाहीत. आयफोनचा पडदा मॅकवर दाखवण्याची सोय संघात आली नाही. ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलची कृत्रिम बुद्धिमत्ता, आयफोनवर इतरत्र २०२४ मध्ये आले, संघात एप्रिल २०२५ मध्ये. एअरपॉड्स या ॲपलच्या इअरफोनवरचे थेट भाषांतर सप्टेंबर २०२५ मध्ये जगात सुरू झाले तेव्हा संघातल्या खात्यांना वगळले होते. २४ अधिकृत भाषा असलेल्या प्रदेशातच भाषांतराची सोय उशिरा यावी, हा केवढा विरोधाभास. ॲपलने तर हा कायदाच रद्द करावा, अशी मागणी २०२५ च्या फेरआढाव्यात केली.


पर्णिका

ती यादी खरी आहे, पण त्यातल्या किती गोष्टी कायद्यामुळे अडल्या आणि किती कंपनीने अडवून धरल्या, हे बाहेरच्याला कळणे कठीण आहे. फेब्रुवारी २०२४ मधला प्रसंग आठवा. संकेतस्थळाचे चिन्ह फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवून ते ॲपसारखे चालवण्याची सोय युरोपात काढून टाकणार, कारण डीएमएमुळे ती सुरक्षितपणे चालवणे अवघड झाले आहे, असे ॲपलने सांगितले. विकसकांनी आरडाओरडा केला, आयोगाने विचारणा सुरू केली, आणि १ मार्चला ॲपलने जाहीर केले की सोय चालूच राहील. दोन आठवड्यांत अशक्य ते शक्य झाले. तेव्हापासून 'कायद्यामुळे जमत नाही' हे वाक्य मी थोडे चाखून मगच गिळते.

दंडाचेही लिहून टाकते. डीएमएखाली पहिले दंड २३ एप्रिल २०२५ रोजी झाले. ॲपलला ५० कोटी युरो, बाहेरच्या सवलती सांगण्यावरच्या निर्बंधांसाठी, म्हणजे तेच कलम ५(४). मेटाला २० कोटी युरो, 'जाहिरातींसाठी तुमची माहिती वापरायला संमती द्या किंवा पैसे भरा' या योजनेसाठी. कायद्यानुसार जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत आणि पुन्हा पुन्हा उल्लंघन झाल्यास २० टक्क्यांपर्यंत जाता येते. त्या मानाने हे दंड हलकेच होते. अमेरिकी सरकारने तेव्हा उघड नाराजी दाखवली होती आणि आयातशुल्काची चर्चाही त्याच महिन्यांत तापलेली होती. आयोगाने हात आखडता घेतला तो त्यामुळेच, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण तसे वाटणारे माझ्या कार्यालयात बरेच आहेत.

विशेष म्हणजे अमेरिकेतच एका न्यायाधीशांनी युरोपपेक्षा कडक पाऊल उचलले. एपिकने ॲपलविरुद्ध केलेल्या खटल्यात न्या. इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ३० एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे त्या दंडानंतर एका आठवड्याने, बाहेरचे दुवे देऊ द्या या जुन्या आदेशाचा ॲपलने अवमान केल्याचे ठरवले. बाहेरच्या दुव्यावरून होणाऱ्या विक्रीवर ॲपल २७ टक्के घेत होती, त्यावर कमिशन घेण्यासच त्यांनी मनाई केली.


सदाशिव_पेठी

एक शंका. मी डसेलडॉर्फला मुलीकडे सहा महिने असतो. माझ्या फोनवर यातले काहीच दिसत नाही. चूक कुठे होते आहे?


इसारकाठ (धागाकर्ता)

चूक काहीच नाही. तुमचे ॲपल खाते भारतातले असणार. बाहेरचे दुकान बसवायचे तर खात्याचा देश संघातला असावा लागतो आणि तुम्ही स्वतःही संघात असावे लागते. इथल्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी भारतातल्या बँकेची ॲप मिळावीत म्हणून खाते भारताचेच ठेवले आहे. जर्मनीत कर भरतात, पण हा कायदा त्यांच्या फोनपर्यंत पोहोचत नाही. उलट ज्यांचे खाते जर्मन आहे ते सुट्टीला पुण्याला गेले, तर बाहेरच्या दुकानातून घेतलेली ॲप चालू राहतात, पण दुकानाकडून त्यांना अद्ययावत करणे ३० दिवसांपर्यंतच चालेल असा नियम होता. लग्नसराईची सहा आठवड्यांची रजा या नियमात बसत नाही.

भारतातही हा विषय अगदी परका नाही. प्ले स्टोअरच्या पेमेंट सक्तीबद्दल आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला होता, तो अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. डीएमएच्या धर्तीवरचा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. त्यावर स्वतंत्र धागा हवा.


लासलगावकर

एवढे सगळे वाचले. आता सरळ सांगा, तुमच्या स्वतःच्या टोपलीत या कायद्याने काय पडले? तुम्ही माल कुठे विकता?


इसारकाठ (धागाकर्ता)

पावतीच मांडतो. माझे ॲप २ युरो ९९ सेंटला आहे. त्यातला १९ टक्के जर्मन व्हॅट वजा केला की उरतात २ युरो ५१ सेंट. लहान विकसकांना कमिशन १५ टक्के असते, म्हणजे ३८ सेंट. बाहेर स्वतः विकायचे ठरवले, तर कार्डाने पैसे घेणाऱ्या कंपन्यांचा इथला एक सर्रास दर आहे दीड टक्का आणि वर २५ सेंट. म्हणजे साधारण ३० सेंट. वाचले ८ सेंट. त्या ८ सेंटांसाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या देशाप्रमाणे व्हॅट लावणे, बीजक देणे, पैसे परत मागणाऱ्यांना उत्तरे देणे हे सगळे माझ्या गळ्यात, जे आत्ता दुकान करते. ३० टक्के भरणाऱ्या स्पॉटिफायचे आणि एपिकचे गणित वेगळे आहे, आणि कायदा करून घेण्यासाठी भांडलेही तेच.

मग मी १५ युरोंचा वर्षभराचा संच बाहेर विकण्याचा विचार केला. व्हॅट वजा जाता १२ युरो ६१ सेंट. दुकानात १५ टक्के, म्हणजे १ युरो ८९ सेंट. बाहेर कार्डाचे ४८ सेंट. वाचले १ युरो ४१ सेंट. इथे हुरूप आला. पण जून २०२५ मध्ये, दंडानंतर, ॲपलने जे नवे दर जाहीर केले त्यात बाहेरच्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवरही वाटा आहे. सर्वांत स्वस्त पायरी निवडली तर सेवाशुल्क ५ टक्के आणि तंत्रज्ञानाचे कमिशन ५ टक्के, नव्या ग्राहकावरचे २ टक्के तूर्त बाजूला ठेवू. १० टक्के म्हणजे १ युरो २६ सेंट. हाती राहिले १५ सेंट. आणि त्या स्वस्त पायरीवर ॲप आपोआप अद्ययावत होत नाही, शिवाय लोकांचे तारांकन आणि अभिप्रायही दिसत नाहीत. व्याकरणाच्या ॲपमध्ये एका शब्दाचे लिंग चुकले आणि दुरुस्ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलीच नाही, तर मला शिव्या पडतील.

युरोपच्या दुसऱ्या कायद्याने, डिजिटल सेवा कायद्याने, मात्र माझ्या टोपलीत थेट काहीतरी टाकले. फेब्रुवारी २०२५ पासून दुकानातल्या माझ्या पानावर व्यापारी म्हणून माझा पत्ता, फोन आणि ईमेल दिसणे बंधनकारक झाले, नाहीतर संघात ॲप दिसत नाही. पत्त्याऐवजी पोस्टपेटी चालते, पण संकेतस्थळावर 'इम्प्रेसम' नावाचे, मालकाच्या नावपत्त्याचे पान देण्याची जर्मन पद्धत आहे आणि तिथे पोस्टपेटी चालत नाही. त्यामुळे घरचा पत्ता आधीच जगजाहीर होता. एका आजोबांनी त्या पत्त्यावर पत्र पाठवून कळवले आहे की, बव्हेरियात लोणी पुल्लिंगी असते आणि माझे ॲप ते स्त्रीलिंगी शिकवते. प्रमाण जर्मनमध्ये ते स्त्रीलिंगीच आहे, पण तळटीप देणार आहे.

तर माल जुन्याच ओट्यावर, जुन्याच १५ टक्क्यांनी. नवी आवृत्ती रविवारी चढवतो आहे.